असीरगड आणि बुऱ्हाणपूर : खानदेशाची जुनी राजधानी पाहताना

२०२५च्या मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याची शेतं रात्री बॅटऱ्यांच्या उजेडाने भरून गेली होती. महामार्गाच्या कामातली माती शेतात येऊन पडली, तिच्यात जुनी सोन्याची नाणी निघतात अशी बातमी गावोगाव पसरली आणि माणसं फावडी, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन उकरायला धावली. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच लागला होता. त्याची सुरुवातच संभाजीराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर घातलेल्या छाप्याने होते, त्यामुळे अफवेला चांगलंच बळ मिळालं. खोदाई इतकी वाढली की अखेर पोलीस आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं.

त्या शेतांतून काय निघालं असेल ते असो, पण असीरगडाच्या नावाची सोन्याची मोहोर खरोखरच आहे. १६०१ साली गड हाती आल्यावर अकबराने ती पाडली. मुघलांच्या नाण्यांवर बहुतेक वेळा नुसती अक्षरं असतात. या मोहोरेवर मात्र ससाणा कोरलेला आहे. अशी मोहोर आज अतिशय दुर्मीळ समजली जाते. बादशहाने एका किल्ल्यासाठी वेगळं नाणं पाडावं, याचं कारण गडाच्या जागेत आहे.

मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या कितीतरी गाड्या भुसावळ सोडतात, रावेर ओलांडतात, बुऱ्हाणपूरला थोडा वेळ थांबतात आणि खंडव्याच्या दिशेने सुटतात. या मार्गावर ‘असीरगड रोड’ नावाचं छोटं स्टेशनही आहे. बहुतेक मराठी प्रवासी हा भाग गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. राज्याची हद्द रावेरच्या पुढे संपते, तिथे आपला इतिहासही संपला असं नकळत धरलं जातं. प्रत्यक्षात खानदेश नावाचं जे स्वतंत्र राज्य होतं, त्याचा दरबार बुऱ्हाणपुरात भरायचा आणि त्याचा शेवटचा आसरा असीरगड होता. जळगाव-धुळ्याचा माणूस इथे पाहुणा म्हणून येतो खरा, पण तो येतो आपल्याच जुन्या राजधानीत.

पहिल्यांदा येणाऱ्याने एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. गड आणि शहर ही दोन स्थळं नव्हेत, ती एकच व्यवस्था आहे. सातपुड्याची रांग नर्मदेच्या आणि तापीच्या खोऱ्यांना वेगळं करते. या रांगेत फौज, तोफखाना आणि बैलांचे तांडे सुखाने पार होतील अशा वाटा थोड्या. त्यांतली सर्वांत सोयीची वाट असीरगडाखालून जाते. उत्तरेतून येणारा खिंड उतरला की साधारण वीस किलोमीटरवर त्याला तापी लागते आणि तापीच्या काठी बुऱ्हाणपूर. गडावरून रस्ता अडवायचा, शहरातून फौजेला दाणापाणी आणि पैसा पुरवायचा. ज्याच्या हातात दोन्ही, त्याच्या हातात दख्खनचा दरवाजा.

गडाच्या जन्माची जी कथा सांगतात, तीही या व्यवस्थेचीच आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे इथे आसा नावाचा अहीर राहायचा. हजारो जनावरांचा धनी, दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नसीर खानाने त्याच्याकडे विनंती केली, की शत्रूचा धोका आहे, घरच्या बायका-मुलांना गडावर आसरा द्यावा. आसाने होकार दिला. डोल्या वर चढल्या, पण त्यांच्यात हत्यारबंद शिपाई बसले होते. आसा आणि त्याची मुलं मारली गेली आणि गड फारुकींचा झाला. फिरिश्त्याने हे लिहिलं ते घटनेनंतर दोनशे वर्षांनी, म्हणून ही कथा कथा म्हणूनच ऐकावी. पायथ्याच्या गावांत मात्र आसा अहिराचं नाव आजही आदराने घेतात.

फारुकी घराण्याचा पाया मलिक राजाने १३८२ साली घातला. त्याचं ठाणं होतं थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. त्याचा मुलगा नसीर खान तापीच्या वरच्या अंगाला सरकला, त्याने असीरगड घेतला आणि नदीच्या दोन काठांवर दोन वस्त्या वसवल्या. उत्तर काठावर बुऱ्हाणपूर, दक्षिण काठावर झैनाबाद. नावं दिली ती बुरहानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या दोन सूफी संतांची. दोघांच्याही कबरी आपल्या खुलदाबादला आहेत. वेरूळला जाणारा मराठी पर्यटक ज्या गावावरून नेहमी जातो, त्या गावातल्या संतांची नावं दीडदोनशे किलोमीटरवरच्या या नदीकाठाला मिळाली.

गडाची रचना तीन पदरी आहे. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर मूळ असीरगड. पायथ्यापासून माथा सुमारे ८५० फूट उंच. वरचं पठार साधारण ६० एकरांचं, आणि त्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी ८० ते १२० फुटांचे सरळ तुटलेले कडे. जिथे कडा नैसर्गिक नव्हता तिथे तो तासून काढला आणि चढायच्या जागा तटांनी, दरवाज्यांनी बंद केल्या. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथला कातळ ओळखीचा वाटतो, पण तटांची रुंदी आणि दरवाज्यांची उंची पाहून हे डोंगरी ठाणं नसून एका राज्याची तिजोरी होती हे कळून चुकतं. आता गाडीरस्ता बराच वरपर्यंत जातो. पायांत जोर असेल तर जुन्या पायऱ्यांच्या वाटेने एकदा तरी चढावं, कारण एकेका दरवाज्यापाशी हल्लेखोराला कसं वळण घ्यावं लागत होतं आणि त्या वळणावर वरून किती जागांहून मारा होत असे, ते पायी चाललं तरच समजतं.

अकबराला हा गड तटाशी लढून घेता आला नाही. १६०० सालच्या वसंतात तो स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला. शहर सहज मिळालं, गड मिळेना. गडावर बहादूरखान फारुकी होता, वर्षानुवर्षं पुरेल इतकं धान्य होतं, तोफा होत्या आणि त्या चालवायला पोर्तुगीज गोलंदाजही होते. महिने गेले. गडावर माणसं आणि जनावरं दाटीने कोंडलेली, त्यात साथ पसरली. मलयगडाचा एक आडमार्ग मुघलांना सापडला आणि खालचा पदर पडला. बहादूरखान बोलणी करायला खाली उतरला, तो परत वर गेलाच नाही. जानेवारी १६०१मध्ये गडाने दरवाजे उघडले. अकबराच्या आयुष्यातला हा अखेरचा मोठा विजय.

हे कसं घडलं याच्या दोन हकिगती आहेत आणि दोन्ही वाचण्यासारख्या आहेत. मुघल दरबारचे इतिहासकार साथीला आणि गडकऱ्यांच्या खचलेल्या मनाला कारण ठरवतात. त्या वेळी अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे त्या फ्रान्सिस झेवियरांच्या नात्यातला. त्याच्या पत्रांवर आधारलेली हकिगत सांगते, की बहादूरखानाला अभय देऊन खाली बोलावलं, शब्द मोडून अडकवलं आणि गडावरच्या सरदारांना सोनंनाणं देऊन फितवलं. पकडलेले पोर्तुगीज पुढे याच पाद्र्याच्या विनंतीवरून त्याच्या हवाली केले गेले. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. खानदेश अकबराने आपला मुलगा दानियाल याच्याकडे सोपवला आणि त्याच्या नावावरून प्रांताला काही काळ ‘दानदेश’ म्हटलं गेलं. सामान्य खानदेशी माणसाने ते नाव तोंडी बसू दिलं नाही.

माथ्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती जामा मशीद. दोन मिनार, काळसर दगड, समोर मोठं अंगण. ती राजा अली खान फारुकीच्या काळातली. त्याच्याबद्दल पुढे शहरात गेल्यावर अधिक बोलावं लागेल. मशिदीच्या पलीकडे पाण्याची तळी आहेत. गडावर झरा नसताना हजारो माणसं इतका काळ तग कशी धरत, याचं उत्तर त्या तळ्यांत आहे. पावसाचा थेंब न् थेंब उतारावरून त्यांच्यात वळवलेला होता. इंग्रजांच्या काळातल्या बराकींचे आणि इमारतींचे अवशेष आहेत, गोऱ्या शिपायांच्या कबरी आहेत. पंजाबातल्या कूका चळवळीच्या काही पुढाऱ्यांना १८७२नंतर इथे कैदेत ठेवलं होतं, हे आजच्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि मग गुप्तेश्वर महादेवाचं मंदिर. गडावर येणाऱ्यांतले निम्मे लोक यासाठीच येतात. द्रोणपुत्र अश्वत्थामा चिरंजीव आहे, कपाळावरची जखम घेऊन तो या रानात हिंडतो आणि पहाटे सर्वांच्या आधी येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, अशी इथली श्रद्धा आहे. मंदिर उघडायला जाणाऱ्याला ताजं फूल आधीच वाहिलेलं दिसतं, असं गावकरी सांगतात. टीव्हीवाल्यांनी या श्रद्धेचं भुताखेतांच्या कार्यक्रमात रूपांतर केलं, ते मनाला लागतं. नर्मदेच्या परिक्रमावासींमध्येही अश्वत्थाम्याच्या भेटीच्या आठवणी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जातात. ही त्याच मुलखातली, त्याच भावनेची गोष्ट आहे. ती गाभाऱ्यापाशी उभं राहून, सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकावी.

गडावरच्या आणखी एका वस्तूची गोष्ट पेटीत बंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असीरगडावर शिंद्यांच्या मालकीच्या एका पेटीत तांब्याची मुद्रा मिळाली. ती कनौजच्या मौखरी घराण्यातल्या शर्ववर्म्याची, सहाव्या शतकातली निघाली. शेकडो मैलांवरच्या राजाची मुद्रा इथे कशी पोहोचली ते तिच्यावर लिहिलेलं नाही. मौखरींची वंशावळ लावताना मात्र अभ्यासकांना तिचा मोठा आधार झाला.

शिंद्यांची पेटी या गडावर असण्यामागे मराठ्यांचा मोठा इतिहास आहे, आणि मराठी वाचकाने इथे थोडं रेंगाळायला हवं.

१६८१च्या जानेवारीच्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर आणि त्याला लागून असलेलं बहादूरपुरा हे श्रीमंत पेठेचं उपनगर लुटलं. हंबीरराव मोहिते त्या मोहिमेचे सेनापती. तटाच्या आतल्या मुघल अंमलदाराला बाहेर येण्याची हिंमत झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात खुद्द औरंगजेब बुऱ्हाणपुरात दाखल झाला. तिथून तो औरंगाबादेस गेला आणि पुढची पंचवीस वर्षं दख्खनमध्येच झुंजत राहिला; नर्मदा पुन्हा उत्तरेकडे ओलांडणं त्याच्या नशिबात नव्हतं. १७२०मध्ये निजाम-उल-मुल्कने उत्तरेतून उतरून आधी असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं, मगच दख्खनमध्ये आपलं बस्तान बसवलं. त्याचा मृत्यूही १७४८मध्ये बुऱ्हाणपुरातच झाला.

मग १७६० उजाडलं. उदगीरच्या लढाईत सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवलं. तहात जी ठाणी मराठ्यांना मिळाली त्यांत नगर, दौलताबाद, विजापूर यांच्या जोडीला असीरगड आणि बुऱ्हाणपूरही होतं. मराठी सत्तेच्या वैभवाचा तो कळस. काही आठवड्यांतच भाऊंची फौज परतुरहून निघून बुऱ्हाणपूर, हंडिया अशा वाटेने उत्तरेला गेली. जिंकून घेतलेल्या याच दरवाज्यातून ती पानिपताकडे गेली.

पुढे गड शिंद्यांकडे आला. १८०३मध्ये असईच्या लढाईनंतर कर्नल स्टीव्हन्सनने तो ऑक्टोबरात घेतला, पण डिसेंबरातल्या सुर्जी अंजनगावच्या तहाने तो दौलतराव शिंद्यांना परत मिळाला. पंधरा वर्षांनी मराठी राज्याचा शेवटचा अंक याच गडाच्या सावलीत झाला. पळून पळून थकलेल्या दुसऱ्या बाजीरावाने असीरगडाजवळच्या ढोलकोट गावी मुक्काम टाकला होता. जॉन माल्कमशी बोलणी झाली आणि ३ जून १८१८ रोजी त्याने शरणागती पत्करली. वार्षिक आठ लाखांचा तनखा घेऊन तो गंगाकाठच्या बिठूरला गेला. शनिवारवाड्यावर निशाण बदललं ते शाळेत शिकवतात; पेशव्यांनी राज्य प्रत्यक्ष सोडलं ते या रानात, याचा उल्लेख क्वचितच होतो. ढोलकोटला पाहण्यासारखी इमारत नाही. तरीही गडावर उभं राहून ती दिशा विचारून घ्यावी.

गड मात्र त्यानंतरही लढला. नागपूरकर अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून इकडे आल्याचा संशय होता. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी गड खाली करायला नकार दिला. मार्च १८१९मध्ये जनरल डोव्हटन आणि माल्कम यांनी वेढा घातला. खालची पेठ आणि खालचा पदर लवकर पडला. पण इंग्रजांच्याच एका तोफमोर्च्यातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि त्यात देशी पलटणीचे पुष्कळ शिपाई मेले, जखमी झाले. गडावर अरब, सिंधी, बलुची अशी हजार-बाराशेची शिबंदी होती. ९ एप्रिलला गड शरण आला. पेशव्यांचं म्हणणं मानावं अशा अर्थाचं दौलतरावांचं पत्र गडावर सापडलं आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची शेवटची तोफ पुण्यात किंवा रायगडी नव्हे, असीरगडावर थंडावली. एवढ्या घटनेची ओळख देणारा ठसठशीत मराठी फलक गडावर असायला हवा, असं मनापासून वाटतं.

आता शहर. बुऱ्हाणपुरात शिरताना पर्यटकाला बहुधा मुमताजमहलकडे नेलं जातं. ते साहजिक आहे. पण सुरुवात चौकातल्या जामा मशिदीपासून करावी.

राजा अली खानाने बांधलेल्या या मशिदीला घुमट नाही. पंधरा कमानी, दोन उंच मिनार आणि आत खांबांची लांबच लांब रांग. कोरीवकाम बारीक आहे आणि दगड इतका नेमका बसवलेला, की कमानीखालून पाहताना नजर पार टोकापर्यंत अडखळत नाही. आत भिंतीवर अरबी लेखाच्या सोबत संस्कृत शिलालेख आहे. देवनागरीत फारुकी राजांची वंशावळ, विक्रम संवत १६४६, शके १५११, अशा आपल्या पंचांगाच्या भाषेत बांधकामाचा काळ. मुसलमान राजाने नमाजाच्या जागी संस्कृतात आपली ओळख कोरून ठेवावी आणि ती चारशेहून अधिक वर्षं जपली जावी, हे पाहण्यासाठीच बुऱ्हाणपूरला यावं, इतकं मोल त्या दगडाचं आहे. असीरगड घेतल्यानंतर अकबरानेही आपल्या विजयाचा लेख याच मशिदीत कोरवला. हा राजा अली खान १५९७मध्ये मुघलांच्या बाजूने लढताना गोदावरीकाठी मारला गेला. त्याने मुघलांशी जुळवून घेऊन राज्य टिकवलं होतं. त्याच्या मागून आलेल्या बहादूरखानाला ते जमलं नाही.

तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराच पडझडला आहे, पण हमामखाना शिल्लक आहे. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी आजही स्पष्ट दिसते. फुलांच्या वेली, जाळीदार आकृत्या आणि त्यांच्या मधून झिरपणारा उजेड. जून १६३१मध्ये चौदाव्या बाळंतपणात, गौहरआराला जन्म देऊन मुमताजमहलने या शहरात प्राण सोडला. शाहजहान तेव्हा खानजहान लोदीचं बंड मोडायला आणि दख्खनच्या मोहिमेसाठी इथे होता. नदीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांसाठी राखलेल्या बागेत, तिला तात्पुरतं पुरलं आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट सर्वांना पाठ असते. तिचं पहिलं पान उघडतं ते बुऱ्हाणपुरात. पण त्याच वर्षांत, १६३०पासून, दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळाने होरपळत होते आणि माणसं अन्नान्न करून मरत होती, तीही गोष्ट हमामातल्या नक्षीकडे पाहताना आठवणीत असू द्यावी.

किल्ल्याखाली तापीच्या पात्रात दगडात घडवलेला हत्ती आहे. पाणी चढलं की तो बुडू लागतो आणि पूर किती आला ते लोक त्यावरून सांगतात.

बुऱ्हाणपूरची खरी करामत जमिनीखाली आहे आणि तिथे जायला लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरावं लागतं. कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडाराही म्हणतात. जहांगीरच्या काळात अब्दुर्रहीम खानखाना इथला सुभेदार होता. शाळेत ज्यांचे दोहे शिकवतात ते रहीम हेच. फौजेमुळे शहराची लोकसंख्या वाढलेली, तापीचं पाणी तटाच्या खाली आणि शत्रूने अडवण्याजोगं. १६१५च्या सुमारास इराणी जलतज्ज्ञाच्या मदतीने या योजनेचं काम झालं. तिची कल्पना साधी आणि अचाट आहे. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत असतं. त्या वाटेवर आडवे बोगदे खणून ते मध्येच गोळा करायचं. बोगद्याला अगदी हलका उतार द्यायचा, म्हणजे पाणी आपल्या वजनाने शहरापर्यंत वाहत येतं. मोट नको, रहाट नको. ठरावीक अंतरावर वरून खाली विहिरीसारख्या कुंड्या खोदायच्या. त्यांतून बोगद्यात हवा आणि उजेड पोहोचतो, गाळ काढता येतो, पाणी उपसता येतं. अशा शंभरहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. वरून पाहताना शेतात गोल कठड्यांची रांग दिसते. खाली गेल्यावर गुडघाभर निवळशंख पाणी आणि चुनखडीने पांढुरक्या झालेल्या भिंती.

इराणात अशा योजनेला ‘कनात’ म्हणतात. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीशी तिची तुलना मराठी माणूस लगेच करील आणि ती योग्यच आहे. मलिक अंबर आणि खानखाना एकमेकांशी रणात झुंजत होते आणि जवळजवळ त्याच वर्षांत दोघेही आपापल्या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणत होते. एकमेकांच्या कामाची खबर दोघांना नसेल, असं मानणं कठीण आहे. मूळच्या आठ योजनांपैकी बऱ्याच बुजल्या. हा भंडारा मात्र अजून वाहता आहे. २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. आसपासच्या शेतांत बोअरवेल वाढल्या, भिंतींवर क्षारांचे थर चढत गेले. यादीत नाव लागल्याने हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. मुमताजच्या नावाने पर्यटन पोसायचं असेल तर पोसावं, पण शहराचा पैसा आणि लक्ष आधी या पाण्याला मिळायला हवं.

बाकी स्थळांपैकी मराठी वाचकाने बोहरडा गावाजवळची राजाची छत्री चुकवू नये. मोहना आणि तापीच्या संगमावर, खांबांवर तोललेली देखणी छत्री. पुरंदरचा तह ज्याने घडवला तो मिर्झाराजे जयसिंग ऑगस्ट १६६७मध्ये बुऱ्हाणपुरात वारला, त्याची ही स्मृती. शिवराय आग्र्याहून निसटले, त्यानंतर त्याच्यावरची बादशाही मर्जी उतरली होती आणि दख्खनची सुभेदारीही गेली होती. घरी परततानाच्या वाटेवर त्याचा अंत झाला.

शाहनवाज खानाचा मकबरा काळ्या दगडाचा आहे, म्हणून त्याला इथे ‘काळा ताजमहाल’ म्हणतात. तो रहीमांचा मुलगा. शाहशुजाच्या बेगमेची कबर खरबुजासारख्या गोल, फोडी पाडल्यासारख्या घुमटाची आणि आतून रंगवलेली आहे. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी हे त्यांच्या मोठ्या श्रद्धास्थानांपैकी एक. देशोदेशीचे बोहरा कुटुंबांसह इथे येतात, पांढराशुभ्र परिसर टापटीप ठेवलेला असतो. गुरू गोविंदसिंग १७०८मध्ये नांदेडकडे जाताना या शहरात थांबले होते. बडी संगत गुरुद्वारा त्या मुक्कामाची आठवण जपतो. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले यात्रेकरू म्हणूनच वाट वाकडी करून इथे उतरतात. नागझिरीला कबीरपंथीयांचं जुनं स्थान आहे. एवढ्या पंथांची ठिकाणं एका नदीकाठी नांदतात याचं कारण शोधायला लांब जायला नको. हे वाटेवरचं शहर होतं आणि इथे कापड विणलं जात होतं. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सतराव्या शतकात दोनदा इथून गेला. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, मॉस्को आणि पोलंडपर्यंत जाते, असं त्याने लिहून ठेवलं. आज गल्ल्यांतून फिरताना यंत्रमागांची खडखड दिवसभर कानावर येते, ती त्याच धंद्याची.

बाजारात हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती अशा सगळ्याच बोली ऐकू येतात आणि रावेर-यावलकडची खानदेशी वळणाची मराठी बोलणारा दुकानदार हमखास भेटतो. शहराबाहेर पडलं की रावेरसारख्याच केळीच्या बागा. खाण्यात मावा जिलबी आधी: खव्याची, गडद तपकिरी, जाडसर. दराबा ही रवा, साखर आणि तुपाची फेटून फेटून हलकी केलेली मिठाई घरी न्यायला बरी. मुस्लिम मोहल्ल्यांत लग्नसराईत उलट्या कढईवर हातभर रुंद मांडे भाजतात. पुरणाच्या मांड्यांची सवय असलेल्या खानदेशी माणसाने हे मांडे रश्श्याबरोबर जरूर खाऊन पाहावेत.

दोन दिवस हाताशी ठेवावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये इथला उन्हाळा भुसावळइतकाच भाजतो. पावसाळ्यानंतर लगेच आलं तर गड हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या असतात. बुऱ्हाणपूर स्टेशन मूळ शहरापासून थोडं दूर, लालबाग भागात आहे. तिथून रिक्षा मिळतात. पहिल्या दिवशी सकाळीच गडावर जावं, पाणी आणि खाणं सोबत न्यावं, कारण माथ्यावर फारसं काही मिळत नाही. दुपारनंतर कुंडी भंडारा. दुसऱ्या दिवशी सकाळी जामा मशीद, मग शाही किल्ला, नदी ओलांडून आहूखाना आणि शेवटी राजाची छत्री. मशिदीत आणि दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल जवळ असू द्यावा. गडाच्या भिंतींवर खिळ्याने नावं कोरलेली जागोजागी दिसतात. सोबत मुलं असतील तर त्या ओरखड्यांशेजारी उभं राहून त्यांना हे का करू नये ते तिथेच सांगावं.

रस्त्याने परतणाऱ्यांना मुक्ताईनगरकडे जाताना हद्दीवर इच्छापूर लागतं. टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर आहे. नवसाला पावणारी देवी म्हणून खानदेश, विदर्भ आणि निमाड अशा तिन्ही मुलखांतून लोक येतात आणि नवरात्रात पायऱ्यांवर उभं राहायला जागा उरत नाही. मंदिर मराठा सुभेदाराच्या नवसातून उभं राहिलं असं सांगतात. तिथून पुढे तासाभराच्या आत मुक्ताईचं कोथळी येतं.